घरच्या भाजीने तुम्हाला काय दिलं? (अनुभव धागा)

घरी भाजी लावणाऱ्या दोघांची गाठ पडली की गप्पा खत, माती आणि किडीवर जातात. त्या हव्यातच. पण इथे मला दुसरंच विचारायचं आहे. त्या कुंडीतून, त्या वाफ्यातून तुमच्या हाती काय आलं? किलोंचा हिशोब नको, अनुभव सांगा. अगदी बारीकसा असला तरी लिहा. सुरुवात मी करते.

मागच्या वर्षी गच्चीत दुधी लावला. वेल मांडवभर पसरला, फुलं आली, बोटाएवढे दुधीही दिसायला लागले आणि एकेक करून पिवळे पडून गळाले. खत वाढवलं, पाणी कमी केलं, फरक शून्य. मग एकदा संध्याकाळी उशिरा वर गेले, तर सगळी पांढरी फुलं तेव्हा कुठे उमलत होती! दुधीच्या फुलांवर रात्रीचे पतंग येतात आणि माझ्या चौथ्या मजल्यावर ते फिरकत नव्हते. तेव्हापासून रोज दिवेलागणीला वर जायला लागले. नर फुलाचा देठ नुसता लांब आणि सरळ असतो, मादी फुलाच्या मागे मात्र इवलासा दुधी असतो. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मधला पुंकेसर मादी फुलात हलकेच फिरवायचा. तीन-चार दिवसांनी एका दुधीचा देठ जाड झालेला दिसला. हा गळणार नाही, हे तेव्हाच कळलं.

तो काढताना त्याच्या अंगावरची मऊ लव बोटांना लागली. कोवळ्या दुधीवर ती असतेच, पण हाताळणीत पुसली जाते. इतकी वर्षं दुधी चिरतेय, ती लव मी पहिल्यांदा पाहिली.

*

आमच्याकडे मटार स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाहीत. शेंग तोडली की दाण्यातल्या साखरेचं स्टार्च व्हायला सुरुवात होते, म्हणून वेलीजवळ उभं राहून खाल्लेला दाणा वेगळाच लागतो. माझी सहा वर्षांची मुलगी पूर्वी ताटातले मटार वेचून कडेला ठेवायची. आता ती शेंग उन्हासमोर धरते, आत दिसणारे दाणे मोजते आणि भरलेली असेल तरच तोडते. चपटी शेंग कोणाला तोडू देत नाही, मलासुद्धा.

*

माझा अनुभव बाबांचा आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आम्ही मागे लागलो की ते 'उद्या बघू' म्हणायचे. मग अंगणाच्या पार टोकाला भेंडीची सात-आठ रोपं लावली. भेंडी थांबत नाही हो. फूल सकाळी उमलतं, त्याच दिवशी मिटतं आणि पुढच्या पाच-सहा दिवसांत शेंग काढावी लागते. नाहीतर ती निबर होते, शिवाय झाडही नवीन फुलं कमी धरतं. त्यामुळे एक दिवस चुकवून चालत नाही. बाबा आधी वॉकर घेऊन जायचे, मग काठी घेऊन, आणि नंतर नंतर काठी कुंपणाला टेकवून दोन्ही हातांनी भेंड्या काढायचे. आमचं बोलणं जे करू शकलं नाही ते त्या सात-आठ झाडांनी केलं. मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

*

बाल्कनीत जेमतेम तीन तास ऊन. दोन वर्षं टोमॅटोचा हट्ट धरला, नुसती उंच काडी वाढली. आता फक्त पालेभाज्या लावतो. मेथी तीन-चार आठवड्यांत हाताशी येते. कमी उन्हावाल्यांनो, पानांच्या भाज्या लावा.

*

टोमॅटोवरून आठवलं. माझ्या पहिल्या सगळ्या टोमॅटोंचं बूड काळं पडलं. रोग समजून फवारणी करत बसले. खरं कारण माझं पाणी घालणं होतं. चार दिवस विसरायचं आणि पाचव्या दिवशी कुंडी तुडुंब भरायची. अशा ओढाताणीत फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. मातीवर वाळक्या पाल्याचं जाड आच्छादन घातलं, रोज सकाळी बोट खुपसून ओल बघायला लागले आणि पुढचा तोडा स्वच्छ निघाला. रोज न चुकता एका गोष्टीकडे बघण्याची सवय मला नव्हती, ती लागली.

*

चवळीवर मावा पडला होता. फवारायला गेले तर त्यात काळपट, नारिंगी ठिपक्यांची काटेरी अळी फिरताना दिसली. ही आणखी एक कीड म्हणून चिमटीत धरणार, तेवढ्यात ती मावा खाताना दिसली! ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी होती ती. फवारणी रद्द. आठ-दहा दिवसांत शेंडे बरेच मोकळे झाले. आता कुठलाही किडा मारायच्या आधी तो काय खातोय ते पाहते.

*

एक काळजीची गोष्ट, कारण सगळं गोडच लिहिलं जातंय. घरचा दुधी किंवा काकडी कडू निघाली तर 'एवढ्या कष्टाने आलंय' म्हणून खाऊ नका. तो कडवटपणा विषारी असू शकतो आणि शिजवून जात नाही. चिरताना छोटा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि सगळंच फळ टाकून द्या. मी टाकलंय, वाईट वाटलं, पण टाकलंच.

*

मी दोडक्याबद्दल लिहितो. एक दोडका मुद्दाम वेलीवर ठेवला. हिरवा होता तो पिवळा झाला, मग तपकिरी आणि कागदासारखा हलका. वारा आला की आत बिया खुळखुळायच्या. जवळपास घोसाळं लावलेलं नव्हतं, नाहीतर या दोघांचा संकर होऊ शकतो. एका दुपारी त्याच्या टोकाचं झाकण आपोआप सुटलं. मी खाली ओंजळ धरून दोडका उलटा केला. काळ्या बिया सरसर हातात आल्या, आणि त्या एका वेलीवर मी किती फुलं मोजली होती ते सगळं आठवलं. थोड्या शेजारच्या काकूंना दिल्या. त्यांच्याकडे परवा दोन पानं फुटली आहेत, त्यांनी मला हाक मारून दाखवली.