जुनी माझदा आरएक्स-८ घेताना इंजिन कसं तपासावं?

प्रश्न: २००४ची गाडी आहे. थंड असताना लगेच चालू होते, पण इंजिन गरम असताना बंद केलं की पुन्हा चालू व्हायला बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो. बॅटरी नवी आहे. सौदा करावा का?

उत्तर १: या गाडीत रोटरी इंजिन आहे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. गरम असताना अडणं हे कॉम्प्रेशन (आतल्या हवेवरचा दाब) उतरल्याचं नेहमीचं लक्षण. दाब मोजायचा साधा गेज इथे उपयोगाचा नाही. रोटरीसाठीचा टेस्टर दोन्ही रोटरच्या तिन्ही बाजूंचे मिळून सहा आकडे देतो. २५० आरपीएमला ६८० किलोपास्कलच्या खाली एकही आकडा गेला, तर इंजिन उघडावंच लागणार हे धरून भाव करा.

उत्तर २: त्याआधी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या) बघा. चार असतात आणि लवकर दमतात. प्लगही चार, प्रत्येक रोटरला एक लीडिंग आणि एक ट्रेलिंग असे दोन प्रकारचे; त्यांची अदलाबदल करू नका.

उत्तर ३: थंड गाडी चालू करून मिनिटभरात बंद केली, तर न जळलेलं पेट्रोल रोटरच्या कडांवरच्या सीलवरचं तेल धुऊन टाकतं आणि इंजिन फ्लड होतं, म्हणजे पेट्रोल साचून चालू होत नाही. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. इंधन बंद राहतं. हे इंजिन सीलसाठी मुद्दाम तेल जाळतं, म्हणून दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायचीच.

१९६७च्या कॉस्मो स्पोर्ट या गाडीपासून माझदाने हे रोटरी तंत्र सोडलं नाही आणि १९९१मध्ये तिच्या ७८७बी या रेसकारने ल मान्सची २४ तासांची शर्यतही जिंकली. आकडे चांगले आले तर जरूर घ्या, इतकं मऊ फिरणारं इंजिन दुसरीकडे मिळत नाही.

प्रश्नकर्ता: आधी सहा आकडे मागतो, मग बोलणी.