मदत हवी आहे: जुन्या फायबरच्या कॅराव्हॅनचं छत गळतंय, पॅच चिकटच राहतोय

मंडळी, नमस्कार. फायबरच्या कामातलं कुणी असेल तर जरा लक्ष द्या.

गणपतीत सातपूरच्या एका भंगारवाल्याकडे फायबरची जुनी कॅराव्हॅन दिसली. साडेदहा फूट लांब, दोन चाकं, खाली अँगलची चासिस, वर अंड्यासारखं कवच. खालचा टप वेगळा, वरचं झाकण वेगळं, आणि कमरेला पॉप रिव्हेट मारून दोन्ही जोडलेले. ऐंशीच्या दशकात कुठल्याशा कारखान्याने साइटवर राहायला बनवली होती म्हणे. भंगारवाल्याचं बोलणं, निम्मं सोडून द्या. फायबरला भंगारात भावच नसतो हे तोच मला सांगत होता, तरी अठरा हजार घेतलेच.

रस्त्यावर काढायची नाहीये. कागद नाहीत, आणि ट्रेलर म्हणजे कायद्याने तोही मोटार वाहनच, नोंदणी-पासिंग सगळं आलं. टेम्पोवर चढवून गिरणाऱ्याला मामेभावाच्या मळ्यात नेऊन ठेवलीय. द्राक्षाच्या हंगामात रात्री राखणीला झोपायची सोय, हा बायकोला सांगितलेला उद्देश. खरा तिलाही माहीत आहे. घरात सगळे तिला 'डबा' म्हणतात.

अट अशी घालून घेतलीय की नवीन सामान शक्यतो आणायचं नाही. जुन्या नाशकात एक वाडा उतरवत होते, तिथून सागाचे दोन दरवाजे आणि थोडे वासे उचलले. अंबडच्या कारखान्यांतून मशिनरीच्या पॅकिंगचं पाइनवूड स्वस्तात मिळालं. निवडणुकीचे फ्लेक्स जमिनीखाली अंथरलेत, उमेदवार पालथे.

आतलं कपाट आणि पलंगाचं प्लायवूड पार कुजलेलं होतं, हाताने ओढलं की पापुद्रे निघायचे. ते सगळं उपसून डबा रिकामा केला. परतीच्या पावसात मधोमध गळायला लागलं. छतावर चढून बघितलं तर परातीएवढं पाणी साचलेलं आणि तिथेच जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. मागच्या आठवड्यात तेवढा भाग घासून ४५० ग्रॅमच्या काचतंतूच्या मॅटचे दोन थर पॉलिस्टर रेझिनमध्ये मारले. संध्याकाळी मारले, कारण दिवसा दुकान असतं. आज चौथा दिवस, बोट लावलं की अजून चिकट. पहाटे मळ्यात दात वाजतात इतकी थंडी आहे, त्याचा संबंध असेल का?

दुसरा घोळ उन्हासाठी आतून थर्माकोल लावायला गेलो तेव्हा झाला. भावाकडे खोक्यांमधला ढीगभर पडलाय. तेच रेझिन फासून चिकटवला. दहा मिनिटांत शीट चुरचुरलं, मग खड्डे पडले आणि शेवटी भिंतीवर नुसता पांढरा चिखल राहिला. मामेभाऊ अजून हसतोय.

तर पॅच काढून परत मारू का? थर्माकोलऐवजी काय लावू? आणि सागाचा ओटा-कपाट केलं तर वजन फार होईल का? शिवाय दार हल्ली वर अडकतंय, त्याला ग्राइंडर मारणार आहे, ते किरकोळ.

अंबडचा मोल्डर:
भाऊ, वीस वर्षं हेच करतोय म्हणून सांगतो. वरून चिकट राहणं हा बिघाड नाही. साध्या रेझिनचा हवेला लागलेला थर पूर्ण सुकत नाही, ऑक्सिजन आडवा येतो. म्हणून शेवटच्या हातात मेण घातलेलं रेझिन मारतात किंवा वर पॉलिस्टर फिल्म ताणून बसवतात. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. खाली दगड लागला तर अ‍ॅसिटोनने पुसा आणि घासून घ्या. रबरासारखं दबलं तर खरवडून काढा, दुसरा इलाज नाही. पारा पंधराच्या खाली असताना हे काम करूच नये. दुकान एक दिवस बंद ठेवा आणि अकरा ते तीनमध्ये उरका. हार्डनर किलोला १० ते २० मिली, थंडीत वीसच्या जवळ. कोबाल्ट (रेझिन लवकर सुकायला घालतात ते द्रावण) वेगळा मिळाला असेल तर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच, हार्डनरच्या थेंबाने डोळा जातो.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन आणि रेझिन पातळ करतात ते स्टायरिन, एकाच कुळातले. विरघळणारच. एसी डक्टिंगवाल्यांकडे काळ्या नायट्रिल रबराची कात्रणं पडलेली असतात, ती रबर सोल्यूशनने लावा.

गंगापूर रोडची ताई:
तुमच्या लिखाणात एक ओळ घाईत गेलीय. कपाट काढलंत ते छताला टेकलेलं होतं का? कॅनडात विनिपेगला १९६८ मध्ये निघालेली बोलर काय किंवा तिच्या मागून आलेल्या फायबरच्या कॅराव्हॅन काय, कवच पातळ असतं आणि आतलं कपाट, मांडण्या हेच छताचे खांब असतात. ते काढले की छत बसतं, मध्ये पाणी साचतं, भेगा पडतात. दार अडकतंय तेही त्यामुळेच असणार. दाराला हात लावू नका! दोरी ताणून मधला झोल मोजा.

सागाचं म्हणाल तर उभ्या चौकटीला वासे चिरून वापरा, दारं-फळ्यांना पाइनवूड. १८ मिमी प्लायचं आठ बाय चारचं एक शीटच तीस किलोच्या वर जातं, त्या मानाने हलकं पडेल.

धागाकर्ता:
ताई, साष्टांग. कपाट थेट छताला रिव्हेट केलेलं होतं, भोकं अजून आहेत. दोरी ताणली, मध्ये २२ मिमी झोल. पॅच खाली कडक निघाला, म्हणजे तेवढं तरी वाचलं.

रविवारी गाडीचा जॅक, त्यावर सागाचा वासा, वर गोधडी गुंडाळलेली फळी, असा टेकू दिला. अर्ध्या तासाने एक आटा, असं दिवसभर. तिसऱ्या आट्याला कडकड आवाज आला तेव्हा मामेभाऊ बाहेर पळाला. संध्याकाळी दोरी सरळ. आता टेकू तसाच ठेवून चौकट उभी करतोय, मग वरून आणखी दोन थर, दुपारीच.

दार खट्‌दिशी लागलं. फक्त वरच्या कडेला चार मिमी फट आहे, कारण तुमचा प्रतिसाद वाचायच्या आदल्या दिवशी मी तिथे ग्राइंडर फिरवून बसलो होतो. जाड बीडिंग रबर कुठे मिळेल?

अंबडचा मोल्डर:
बसची बॉडी बांधतात त्यांच्याकडे. दोन इंचाचा तुकडा सोबत न्या, तोंडी सांगून भलतंच देतील.