जिआउर रहमान यांच्याबद्दल सहकाऱ्याशी बोलताना माझं काय चुकलं?

प्रश्न

शारजाला एका ऑफिसात मी अकाउंट्स बघते. शेजारच्या टेबलावर बांगलादेशातल्या बोगुराचे एक सहकारी बसतात, वयाने माझ्याहून बरेच मोठे. डबा आम्ही एकत्र खातो. परवा बांगलादेशचे एकेकाळचे राष्ट्रपती जिआउर रहमान यांचा विषय निघाला आणि मी सहज बोलून गेले, "म्हणजे तेही एक लष्करी हुकूमशहाच ना?" ते काही बोलले नाहीत. डबा अर्धा टाकून उठले. आज तिसरा दिवस, कामापुरतंच बोलतात.

शाळेत आम्हाला १९७१ शिकवलं ते इंदिरा गांधी, माणेकशा आणि ढाक्यातली शरणागती इथपर्यंत. पुढे त्या देशाचं काय झालं, कोणी सांगितलंच नाही. मला त्यांची माफी मागायची आहे, पण कशाबद्दल मागतेय ते कळल्याशिवाय नाही. कोणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १

पहिली गोष्ट म्हणजे जिया बोगुराचेच. १९ जानेवारी १९३६, बागबारी गाव. तुमच्या सहकाऱ्यांसाठी हा घरचा माणूस आहे.

दुसरं, स्वातंत्र्याची घोषणा कोणी केली यावर शेख मुजीबांची अवामी लीग आणि जियांची बीएनपी हे तिथले दोन पक्ष वर्षानुवर्षं भांडत आले. २६ मार्च १९७१ ला चितगावहून अवामी लीगचे एम. ए. हन्नान यांनी मुजीबांच्या नावाने घोषणा वाचली. २७ ला कालुरघाटच्या रेडिओ केंद्रावरून मेजर जिया बोलले, तेही मुजीबांच्या वतीने. पण लष्करातल्या मेजरचा आवाज ऐकला तेव्हा लोकांना धीर आला, की फौजेतली आपली माणसंही उठली आहेत. ऑफिसात त्या वादात पडू नका.

प्रतिसाद २

मी मरीन इंजिनियर होतो, आता रत्नागिरीत घरी असतो. ३० मे १९८१ ला आमचं जहाज चितगावच्या जेटीला गहू उतरवत होतं आणि मी त्यावर फोर्थ इंजिनियर होतो. म्हणून मलाच लिहायला हवं असं वाटलं.

आदल्या रात्री वादळी पाऊस. गहू भिजू नये म्हणून हॅच बंद केलेल्या. सकाळी हमालांची गँग आलीच नाही. बऱ्याच वेळाने मालाची मोजदाद करणारा टॅली क्लार्क एकटाच आला. छत्रीच्या काड्या मोडलेल्या, अंगावरचा शर्ट निथळत होता. गँगवेवरच थांबला आणि म्हणाला, "जिया शाहेबके मेरे फेलेछे." पहाटे काही लष्करी अधिकाऱ्यांनी सर्किट हाउसमध्ये घुसून राष्ट्रपतींना गोळ्या घातल्या होत्या. मग चितगाव रेडिओवर कुठल्याशा क्रांतिकारी परिषदेची घोषणा. राज्य कोणाचं, कोणालाच सांगता येईना. कॅप्टनने मेन इंजिन तयार ठेवायला सांगितलं, आम्ही इंजिनाभोवतीचं, जॅकेटचं पाणी गरम ठेवून आळीपाळीने खाली बसलो.

तो क्लार्क जशोर जिल्ह्यातला. घरी जायची सोय नव्हती, म्हणून आमच्या मेसमध्येच जेवला. त्याच्या डाव्या अंगठ्यावर जखमेची जुनी खूण होती. १९७६ च्या नोव्हेंबरात उलाशीचा कालवा खोदायला जियांनी सुरुवात केली, तेव्हा हा गावातल्या पोरांबरोबर श्रमदानाला गेला होता. कुदळ निसटली ती अंगठ्यावर. १९७४ च्या दुष्काळात याची आजी गेलेली. दोनच वर्षांनी लष्कराचा प्रमुख चिखलात पायी येतो आणि शेतात पाणी आणू म्हणतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. मला अंगठा दाखवताना तो रडत होता. तुमचे सहकारी डबा टाकून उठले ते कशामुळे, हे मला तिथे कळलं.

पण दुसरी बाजूही मी त्याच बंदरात ऐकली, ती लपवणार नाही.

पुढच्या एका फेरीत तिथल्या म्हाताऱ्या फोरमनने मला 'स्वात' जहाजाची हकिकत सांगितली. १९७१ च्या मार्चमध्ये ते पाकिस्तानी जहाज दारूगोळा घेऊन आलं. गोदी कामगारांनी मालाला हात लावला नाही, लोकांनी रस्ते अडवले. २५ च्या रात्री मेजर जियांना त्यांच्या वरिष्ठाने बंदरावर, त्याच जहाजाकडे धाडलं होतं. वाटेत आग्राबादला अडथळे दूर करणं चाललं असताना एक कॅप्टन निरोप घेऊन आला, की पाकिस्तानी फौज लोकांवर तुटून पडली आहे. जिया तिथून मागे फिरले आणि आपल्या आठव्या ईस्ट बंगाल पलटणीसह बंडात उतरले. हमाल आणि मेजर, दोघांनी एकाच जहाजाला नकार दिला. म्हणून फोरमनला ते आपले वाटायचे.

तोच फोरमन ताहेरचं नाव निघालं की गप्प व्हायचा. कर्नल अबू ताहेर. १९७१ च्या लढाईत कमालपूरला एक पाय गमावलेला माणूस. १५ ऑगस्ट १९७५ ला मुजीबांची कुटुंबासह हत्या झाली, जिया लष्करप्रमुख झाले, ३ नोव्हेंबरला उलट बंड होऊन नजरकैदेत पडले. ७ नोव्हेंबरला शिपायांनी उठून त्यांना सोडवलं, आणि त्या उठावामागे ताहेर होते. पुढच्याच वर्षी, २१ जुलै १९७६ ला, तुरुंगात चालवलेल्या लष्करी खटल्यानंतर ताहेरना फाशी दिली. २०११ मध्ये तिथल्या हायकोर्टाने तो खटला बेकायदा ठरवला. ज्याने सोडवलं त्यालाच लटकवलं, हे मला आजही पचत नाही.

१९७७ मध्ये जिया राष्ट्रपती झाले. ३० मेला सार्वमत घेतलं, जवळपास ९९ टक्के 'हो'. अशा आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. १९७९ च्या पाचव्या घटनादुरुस्तीने मुजीबांच्या मारेकऱ्यांना मिळालेल्या अभयावर शिक्कामोर्तब झालं, हा माझ्या लेखी त्यांचा सगळ्यात मोठा दोष. पण बंद पडलेले पक्षही त्यांच्याच काळात परत उभे राहिले आणि निवडणुका झाल्या. हेही खरं आहे, ताई.

मी त्यांना हुकूमशहा म्हणेन. "तेही एक" मात्र म्हणणार नाही. मला वाटतं तुमच्या सहकाऱ्यांना तो शब्द लागला.

प्रतिसाद ३

यात एक धागा आपल्या मुंबईचा आहे. २८ सप्टेंबर १९७७ ला मुंबईहून उडालेलं जपान एअरलाइन्सचं विमान जपानी रेड आर्मीच्या लोकांनी पळवून ढाक्याला उतरवलं. माझे मामा तेव्हा विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होते. त्या विमानात त्यांनी स्वतः सामान चढवलं होतं, आणि पुढचे कित्येक दिवस ते रेडिओजवळून हलले नाहीत. जपानने ६० लाख डॉलर दिले, कैदी सोडले, प्रवासी सुटले. घरात पेढे वाटले.

याच गडबडीत, २ ऑक्टोबरला, ढाक्यात हवाई दलात बंड झालं आणि विमानतळावर अधिकारी मारले गेले. नंतर झटपट खटले चालवून शेकडो जवानांना फाशी दिली. कित्येक घरांना प्रेतही मिळालं नाही. हे मामांना फार वर्षांनी कळलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आम्ही पेढे खात होतो." इंजिनियर काका, हेही तुमच्या हिशेबात धरा.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद २ चे लेखक)

धरलंय. एक काळ चितगावला आमच्या बर्थवर येणाऱ्या विंचमनचा, म्हणजे माल उचलायचं यंत्र चालवणाऱ्याचा, धाकटा भाऊ हवाई दलात होता. कुठे पुरलाय ते शेवटपर्यंत समजलं नाही. त्याच्यासमोर कालव्याचा विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

प्रश्नकर्ती

आज दादांशी, म्हणजे त्या सहकाऱ्यांशी, बोलले. "'तेही एक' म्हणायला नको होतं," एवढंच म्हटलं, मग काकांच्या क्लार्कची गोष्ट सांगितली. दादा बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी सांगितलं की जियांना आधी चितगावजवळ डोंगरात पुरलं होतं, तिथून काढून ढाक्याला आणलं. २ जूनच्या जनाज्याला दादांचे वडील बोगुराहून निघाले. तेव्हा जमुनेवर पूल नव्हता, फेरीसाठी रात्रभर घाटावर बसले, आणि पोचले तेव्हा दफन होऊन गेलं होतं. वडील तेच पायजमा-पंजाबी घालून परत आले आणि तो जोड त्यांनी पुन्हा कधी घातला नाही.

ताहेरबद्दल विचारलं. म्हणाले, "आमच्या घरी ते नाव कोणी घेत नसे." थोडं थांबून म्हणाले, "घ्यायला हवं होतं."

उद्या ते हिलसा आणणार आहेत. काका, त्यांनी विचारलंय, तो क्लार्क जशोरमधल्या कुठल्या गावचा?

प्रतिसाद ५ (प्रतिसाद २ चे लेखक)

शार्शाच्या बाजूचा, एवढं आठवतं. गावाचं नाव त्याने मला एका टॅली शीटच्या मागे लिहून दिलं होतं. तो कागद माळ्यावरच्या पेटीत असायला हवा. शोधून सांगतो.