क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवावी की मार्गदर्शकासह सफारी घ्यावी? सल्ला हवा आहे

गोदाकाठ :
पुढच्या वर्षी जुलैच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेला जाण्याचे घरात ठरत आहे. मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीकडे झुकलेले आई-बाबा असे आम्ही पाच जण आहोत. जंगलाचा आमचा अनुभव ताडोबा आणि पेंचपुरता आहे. तेथे जिप्सी, चालक आणि गाइड हे सगळे ठरलेले असते आणि आपण केवळ ओळखपत्र घेऊन वेळेवर प्रवेशद्वारापाशी उभे राहायचे असते. तेथील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात मात्र कोणालाही आपली साधी मोटार घेऊन दिवसभर हिंडता येते, असे समजल्यापासून मनात दोन पक्ष पडले आहेत. मला स्वतः गाडी चालवायची आहे, तर बाबांचे म्हणणे असे की इतक्या लांब जाऊन जाणकार माणूस बरोबर नसेल तर आपण झाडेच पाहून परत येऊ.

खासगी राखीव जंगलांतील लॉजचे दर पाहून छाती दडपते. तेवढा खर्च सार्थकी लागतो का? क्रुगरऐवजी नामिबिया किंवा बोत्स्वाना हा पर्याय या कुटुंबासाठी योग्य ठरेल का? आम्ही सर्व शाकाहारी आहोत आणि आईच्या गुडघ्यांना फार चढउतार सोसत नाही, हेही लक्षात घेऊन सांगावे.

जोबर्गकर :
नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला राहत असल्यामुळे भारतातून येणाऱ्या आप्तांना क्रुगर दाखवण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडेच असते. तुमच्या कुटुंबाला स्वतःच्या गाडीने क्रुगर नक्की जमेल. गाडी येथेही डाव्या बाजूनेच चालवतात, उद्यानातील मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि बाजूच्या बहुतेक कच्च्या रस्त्यांवरही कोरड्या दिवसांत साधी मोटार व्यवस्थित जाते. तरीही पाच जणांसाठी उंच आसनांची गाडी भाड्याने घ्यावी, कारण जुलैत गवत वाळून विरळ झालेले असले तरी त्यावरून पाहता येणे हा मोठा फायदा असतो. ऑटोमॅटिक गाडी हवी असल्यास तशी आधीच नोंदवावी लागते. अनामत रक्कम अडकवून ठेवण्यासाठी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात आणि आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणलेला बरा.

क्रुगरचा विस्तार सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे, त्यामुळे सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटर असली, तरी थांबत थांबत जाताना प्रत्यक्षात त्याच्या निम्माच वेग पडतो. स्कुकुझा ते लोअर साबी या मुक्कामाच्या छावण्यांमधले अंतर जेमतेम ४५ किलोमीटर आहे. पण साबी नदीच्या काठाने जाणाऱ्या त्या एच ४-१ रस्त्यावर अर्धा दिवस सहज निघून जातो आणि तो वाया गेला असे कोणी म्हणत नाही. माझ्या मते दक्षिण भागात लोअर साबी आणि मध्य भागात साटारा अशा दोनच छावण्या निवडाव्यात. लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर पाणघोडे आणि मगरी गाडीत बसूनच दिसतात, तर साटाराजवळचा एस १०० हा कच्चा रस्ता सिंहांसाठी प्रसिद्ध आहे.

जुलैत उद्यानाची प्रवेशद्वारे सकाळी ६ ते सायंकाळी ५.३० या वेळेत उघडी असतात आणि फाटक बंद होण्यापूर्वी छावणीत परतणे बंधनकारक असते. ठरवून दिलेल्या विश्रांतीच्या जागा वगळता कोठेही गाडीतून उतरता येत नाही, अगदी क्षणभरही नाही. जोहान्सबर्गहून उद्यानापर्यंतचा रस्ता पाच तासांहून अधिक वेळ घेतो; म्हणून रात्रभर विमानप्रवास करून लगेच निघू नये आणि अंधारात मुळीच चालवू नये.

जेवणाची काळजी सोडा. छावण्यांमधील अनेक कुटिरांना स्वयंपाकघर, फ्रिज आणि भांडीकुंडी असतात, बाहेर निखाऱ्यांची शेगडी असते. वाटेत म्बोम्बेला शहरातील मोठ्या दुकानांत तांदूळ, डाळी आणि भाज्या मिळतात. मसाले आणि पोहे घरून आणले की झाले. खासगी लॉजमध्येही आधी कळवल्यास शाकाहारी जेवण देतात, पण ‘शाकाहारी’ म्हणजे अंडी आणि मासेही नकोत हे लेखी स्पष्ट करावे.

माळढोक :
जोबर्गकरांच्या माहितीत खोट काढण्यासारखे काही नाही, तरी एक मुद्दा त्यांनी सोडला आहे आणि तो गोदाकाठ यांच्यासाठी महत्त्वाचा आहे. स्वतःच्या गाडीत चालकाला जंगल सर्वांत कमी दिसते. घरात गाडी चालवणारे तुम्ही एकटेच असाल, तर जिच्यासाठी इतका अट्टहास केला ती सहल तुम्ही रस्त्याकडे पाहत काढाल आणि मागच्या आसनावरून ‘थांब, थांब, मागे घे’ असे आवाज ऐकाल. पत्नी चालवत असतील तर त्यांचेही नाव दुसरी चालक म्हणून करारात घालावे आणि सकाळ-संध्याकाळ पाळी बदलावी.

दुसरे असे की ताडोबात आपण चितळाचा किंवा वानराचा कॉल ऐकून वाघाचा माग काढणाऱ्या गाइडच्या भरवशावर असतो. आपले डोळे त्यासाठी तयार झालेले नसतात. खासगी राखीव जंगलात गाडीच्या पुढच्या टोकावरील आसनावर माग काढणारा बसतो आणि मागे गाडी चालवणारा मार्गदर्शक असतो. धुळीतला ठसा कधीचा आहे, पक्षी का ओरडले, रानम्हशी एकाच दिशेला का पाहत आहेत हे ते दोघे आपापसांत बोलतात, तेव्हा जंगल वाचायचे कसे हे कळू लागते. शिवाय या गाड्यांना रस्ता सोडून झुडपांत शिरण्याची मुभा असते, काळोख पडल्यावरही फिरता येते आणि एका प्राण्याभोवती दोन-तीनच गाड्या थांबू देतात. क्रुगरला लागून असलेले साबी सँड हे खासगी जंगल आणि क्रुगर यांच्यामधले कुंपण १९९३ मध्ये काढले गेले, म्हणजे प्राणी तेच आहेत. पण बिबट्या जवळून आणि निवांत पाहायचा असेल तर साबी सँडला तोड नाही. दर जास्त असले तरी त्यात मुक्काम, सर्व जेवणे आणि दिवसातून दोन फेऱ्या येतात, एवढे हिशेबात धरावे. मी तुमच्या जागी असतो तर खासगी जंगलात दोन रात्रींपेक्षा कमी राहिलो नसतो आणि सहलीत केप टाउनचा फेरा असता तर त्यासाठी तो रद्द केला असता.

गोदाकाठ :
दोघांचेही आभार. पत्नी गाडी चालवते, त्यामुळे पाळीचा प्रश्न सुटला. आता पेच क्रमाचा आहे. आधी क्रुगर आणि शेवटी खासगी लॉज, की उलट? आणि नामिबिया-बोत्स्वानाबद्दल कोणी सांगितले तर बरे होईल, कारण मुलीला चित्ते पाहायचे आहेत. २०२२ मध्ये नामिबियातून कुनोला चित्ते आणले तेव्हापासून तिला त्यांचे वेड आहे.

वाळूचीवाट :
नामिबिया माझा अत्यंत लाडका देश आहे आणि तरीही या सहलीसाठी मी तो सुचवणार नाही. एटोशा उद्यान स्वतःच्या गाडीने पाहण्यास उत्तम आहे. जुलैत प्राणी पाणवठ्यांवर आपणहून येतात, आणि ओकाउकुएयो छावणीतील प्रकाशझोताने उजळलेल्या पाणवठ्याकाठी बाकावर बसून रात्री काळे गेंडे पाहता येतात. त्यासाठी गाडी, गाइड, काहीच लागत नाही. आईंच्या गुडघ्यांना याहून सोयीची सफारी नाही. परंतु एटोशापर्यंत आणि तेथून वाळवंटाकडे जाताना शेकडो किलोमीटर अंतरे कापावी लागतात, आणि मुख्य महामार्ग सोडले की रस्ते खडीचे असतात. त्यांवर गाडी घसरून उलटण्याचे अपघात परदेशी पर्यटकांच्या बाबतीत वारंवार घडतात. तेथे चाकांतील हवा कमी ठेवावी लागते, वेग ८० च्या आत ठेवावा लागतो आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर, काच, गाडीचा तळ व एकट्या गाडीचा अपघात यांचा समावेश आहे का, हे करारातले बारीक अक्षर वाचूनच कळते. ज्येष्ठ मंडळींना रोज पाच-सहा तास खडीवरून नेण्यात मौज नाही.

बोत्स्वानाचा प्रश्न वेगळा आहे. मोरेमी आणि चोबे या जंगलांच्या अंतर्भागात खोल वाळू आणि पाण्याचे ओढे ओलांडावे लागतात, तंबू गाडीच्या टपावर असतो आणि तळांना कुंपण नसते, त्यामुळे रात्री तरस किंवा हत्ती तंबूखालून गेला तर ती तेथे बातमी नसते. चारही चाकांना जोर देणारी गाडी वाळूत चालवण्याचा सराव नसलेल्याने तेथे सहकुटुंब जाऊ नये. ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश मात्र मार्गदर्शकासह पाहण्याची चीज आहे. अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशातील पावसाचे पाणी तेथे पोहोचायला काही महिने लागतात आणि कोरड्या हिवाळ्यातच पूर भरतो. तुम्ही जाल तेव्हा मोकोरो नावाच्या सपाट होडीतून नीट फिरता येईल. फक्त त्या देशाचे धोरणच थोडे पर्यटक आणि चढे दर असे असल्यामुळे पाच जणांचा खर्च साबी सँडपेक्षाही वर जाण्याची शक्यता आहे.

चित्त्यांबद्दल : क्रुगरमध्येही चित्ते आहेत, पण थोडे. साटाराच्या आसपासची मोकळी गवताळ मैदाने त्यांच्यासाठी त्यातल्या त्यात चांगली, म्हणून जोबर्गकरांनी सुचवलेली साटारा छावणी मुलीसाठीही योग्यच आहे. दिसतीलच असे तिला सांगू नका.

नाडीपरीक्षा :
प्रवास-आरोग्याच्या बाबतीत दोन गोष्टी कोणी बोलले नाही. क्रुगर हा हिवतापाचा प्रदेश आहे. जुलैच्या कोरड्या थंडीत धोका बराच कमी असतो, तरी शून्य नसतो. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात की नाही, हे आई-बाबांची चालू औषधे आणि मुलीचे वजन पाहून तुमच्या डॉक्टरांनीच ठरवावे. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारे मलम एवढे तरी करावेच. परत आल्यावर पुढील काही आठवड्यांत कोणालाही ताप आला, तर आपण आफ्रिकेत जाऊन आलो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण तेथील हिवताप प्रामुख्याने फाल्सिपॅरम या घातक प्रकारचा असतो आणि त्यात दिवस वाया घालवून चालत नाही. हिवतापाची धास्तीच नको असेल, तर पिलानेसबर्ग, मडिक्वे आणि अ‍ॅडो ही हिवतापमुक्त जंगले आहेत. पैकी पिलानेसबर्ग जोहान्सबर्गहून जवळ असून तेथेही स्वतःची गाडी चालते.

विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी पीतज्वराच्या लसीबाबतचा भारत आणि दक्षिण आफ्रिका या दोन्ही देशांचा नियम तपासावा. लसीचा दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो, त्यामुळे हे शेवटच्या आठवड्यावर ढकलता येत नाही.

जोबर्गकर :
क्रमाबद्दल येथे दोन मते आहेत. बहुतेक जण आधी क्रुगर आणि शेवटी लॉज असे सुचवतात, कारण लॉजमध्ये प्राणी हातभर अंतरावर पाहिल्यानंतर क्रुगरमध्ये दूरच्या झाडाखालचा सिंह फिका वाटतो. माळढोक यांचे म्हणणे धरले तर मात्र उलट क्रम बरा, कारण मार्गदर्शकाकडून पाहायला शिकून मग स्वतः शोधण्यात अधिक आनंद आहे. तुमच्या बाबतीत मी मधला मार्ग सांगेन. पहिल्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या पहाटे उद्यानाच्या स्वतःच्या उघड्या गाडीतील फेरी छावणीतूनच नोंदवावी. तिचे शुल्क लॉजच्या मानाने किरकोळ असते, ती छावणीच्या फाटकाच्या वेळेबाहेरही फिरते आणि मार्गदर्शक पहिले धडे देतो. सहा वर्षांखालील मुलांना तिच्यात घेत नाहीत. तुमच्या मुलीला अडचण नाही. पायी फेरीसाठी मात्र वयाची अट किमान १२ वर्षे आहे, त्यामुळे ती यादीतून काढावी. या उघड्या गाड्यांना उंच पायऱ्या असतात, आईंसाठी पुढच्या रांगेची विनंती करून ठेवावी. पहाटे बोचरी थंडी असते. आफ्रिका म्हणून सुती कपडे घेऊन आलेल्या पाहुण्यांना मी दर वर्षी माझी जाकिटे देतो.

मग लोअर साबी, साटारा आणि तेथून ओर्पेन प्रवेशद्वारातून बाहेर पडून शेजारच्या टिंबावाटी या खासगी जंगलातील लॉज, असा मार्ग आखला तर गाडी मागे वळवावी लागत नाही. साबी सँडच हवे असेल तर साटाराऐवजी स्कुकुझा ठेवून पॉल क्रुगर प्रवेशद्वारातून निघावे.

हत्तींबद्दल एक सूचना, कारण भारतीय पाहुणे सिंहाला घाबरतात आणि हत्तीला गृहीत धरतात. डोळा व कान यांच्यामधून मदस्राव होत असलेल्या नराला भरपूर अंतर द्यावे, पिल्लू आणि मादी यांच्यामध्ये गाडी येऊ देऊ नये आणि इंजिन बंद करून कळपाजवळ बसू नये. हत्ती रस्त्यावरून तुमच्याकडे चालत आला, तर हॉर्न न वाजवता शांतपणे गाडी मागे घ्यावी. गेंडा दिसल्यास त्याचे छायाचित्र ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नये. शिकारी तेच शोधत असतात.

नोंदणी उद्यानाच्या संकेतस्थळावर सुमारे अकरा महिने आधी खुली होते आणि लोअर साबीची नदीकडे तोंड असलेली कुटिरे फार लवकर संपतात. जूनअखेरपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत येथील शाळांना साधारणपणे सुटी असते, म्हणून तुम्ही निवडलेला महिनाअखेरचा काळ त्यामानाने सोपा जाईल. लोअर साबी भरलेली दिसली तर क्रोकोडाइल ब्रिज छावणी घ्या, ती तेथून फार लांब नाही. शिवाय रद्द झालेल्या जागा संकेतस्थळावर परत दिसतात, तेव्हा मधूनमधून पाहत राहा. पाच जणांना एकच कुटिर मिळाले नाही तर शेजारची दोन घ्यावीत आणि त्यांपैकी एकात स्वयंपाकघर आहे ना, एवढे तपासून घ्यावे.