मदत हवी आहे: फिल्टरमधला कार्बन ठेवू का काढू?

बुडबुडा:
साठ लिटरची माशांची टाकी, हँग ऑन (काठावर लटकवायचा) फिल्टर, आत कोळशाचे दाणे म्हणजे कार्बन. निम्मे लोक म्हणतात कार्बन हवाच, निम्मे म्हणतात कशाला. एका वाक्यात सांगा, ठेवू का काढू? निबंध नकोत, इथे मासे दगडाला अंग घासत बसलेत.

शेवाळे:
काढा. मी सहा वर्षांत वापरलेला नाही. भरपूर झाडं लावा, आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, बास.

पाणकोंबडा:
अंग घासतायत हे असं जाता जाता सांगताय? पाण्यात अमोनिया, नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषं) किती? टाकी कधीची?

गढूळकर:
पाणी पिवळं झालंय का? माझ्याकडे लाकडामुळे चहासारखं झालं होतं. कार्बनची पिशवी टाकली, चार दिवसांत निवळलं. शेवाळे, सरसकट 'काढा' काय?

शेवाळे:
त्यांच्याकडे लाकूड आहे असं कोण म्हणालं?

बुडबुडा:
लाकूड नाही!! टाकी दीड वर्षाची, अमोनिया-नायट्राइट शून्य. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आलेत, म्हणून शनिवारी निळं औषध टाकलं. रात्री पाणी गर्द निळं, सकाळी बघतो तर नितळ. परत टाकलं, परत तेच. औषधच बोगस असणार. पण माझा प्रश्न कार्बनचा आहे.

पाणकोंबडा:
अहो, औषध बोगस नाही, ते कार्बनने गिळलं! रंग, वास, औषधं धरून ठेवणं हेच त्याचं काम. अमोनिया-नायट्रेटला मात्र तो हातही लावत नाही. आत्ता काढा.

बुडबुडा:
कार्ट्रिजच्या आतच शिवलेला आहे. अख्खं काढलं तर ही घाण पचवणारे चांगले बॅक्टेरिया जातील ना?

पाणकोंबडा:
कडेला कात्री लावा, दाणे ओता, कापड परत बसवा. बॅक्टेरिया कापडावरही असतात.

तिखटमीठ:
ते दाणे फेकू नका, ओव्हनमध्ये भाजले की नव्यासारखे होतात.

गढूळकर:
होत नाहीत. कारखान्यात त्यासाठी 800 अंशांच्या आसपास तापवतात. तुमच्या ओव्हनमध्ये नुसते वाळतील.

शेवाळे:
म्हणजे शेवटी 'काढा'च ना?

गढूळकर:
औषधापुरता! उपचार संपले की उरलेलं औषध ओढून घ्यायला नवा कार्बन घालायचाच असतो. आणि घालण्याआधी नळाखाली धुवा, नाहीतर काळा गाळ टाकीभर.

बुडबुडा:
कापला. बेसिन आणि बोटं काळीकुट्ट. आता दुप्पट डोस देऊ का, दोन वाया गेले म्हणून?

पाणकोंबडा:
अजिबात नाही. बाटलीवर लिहिलंय तेवढाच. आणि ठिपके गेले म्हणून थांबू नका. ठिपके करणारा परजीवी कातडीत असताना त्याला औषध लागत नाही, तो सुटून पाण्यात पोहायला लागला की मरतो. म्हणून बाटलीवरचे दिवस पुरे करा.

तिखटमीठ:
माझ्या टाकीत गोगलगायी फार झाल्यात, हे निळं औषध त्यांना चालेल का?

शेवाळे:
नवीन धागा काढा हो.

बुडबुडा:
सकाळ झाली. पाणी अजून निळं आहे.