बाळाच्या खोलीत ह्युमिडिफायर: कोणता, आणि मुळात हवा तरी का?

धागाकर्ती, लातूर :
माझी मुलगी सात महिन्यांची आहे. पौष-माघाच्या कोरड्या थंडीत रात्री तिचे नाक चोंदते आणि ओठ फुटतात, म्हणून ह्युमिडिफायर, म्हणजे खोलीच्या हवेत ओलावा सोडणारे यंत्र, घ्यायचा विचार आहे. गरम वाफेच्या यंत्राने भाजण्याचा धोका असल्यामुळे ते मी आधीच बाद केले. अल्ट्रासोनिक यंत्र आवाज करत नाही आणि थंड धुके सोडते, म्हणून तेच घ्यावे असे माझे मत आहे.

प्रतिसाद, परभणी :
ताई, मला हे पटत नाही. अल्ट्रासोनिक यंत्र पाण्याचे बारीक तुषार उडवते, त्यामुळे पाण्यात विरघळलेले क्षारही हवेत जातात. ज्या बोअरच्या पाण्याने आपल्याकडे गिझरची कॉइल पांढरी होते, त्याचीच भुकटी पाळण्यावर बसेल आणि बाळाच्या श्वासातही जाईल. ओल्या वातीवरून पंख्याने हवा सोडणाऱ्या यंत्रात केवळ बाष्प बाहेर येते आणि क्षार वातीतच अडकतात. कूलरचे गवत पांढरे पडते ते याच कारणाने. अल्ट्रासोनिकच घ्यायचे असेल, तर त्यात डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी घालावे. आरओच्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र मुळीच नको, त्यात क्षार अधिकच असतात.

प्रतिसाद, बीड :
मला दोन्ही यंत्रे अनावश्यक वाटतात. उन्हाळ्यात आपल्या घरी कूलर चालतोच आणि हिवाळ्यात दोरीवर ओला पंचा टाकला की काम भागते. टाकीत पाणी साचून राहिले, तर त्यात जंतू वाढतात, म्हणून ती रोज रिकामी करून पुसावी लागते. तान्ह्या बाळाच्या घरात हे कोण करणार? शिवाय स्वच्छतेसाठी टाकीत औषध घालण्याचा मोह वाईट. दक्षिण कोरियात अशाच जंतुनाशकांमुळे फुप्फुसे निकामी होऊन लहान मुले दगावल्याचे २०११ मध्ये उघड झाले.

धागाकर्ती, लातूर :
क्षारांचा मुद्दा मान्य आहे, म्हणून अल्ट्रासोनिकचा आग्रह सोडते. टाकीत पाण्याशिवाय काहीही जाणार नाही, कापूर किंवा निलगिरीचे तेलही नाही. पंच्याबाबत मात्र दादा, आपले म्हणणे मला पटत नाही, कारण खोलीत नेमका किती ओलावा झाला हे पंचा सांगत नाही. आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्के असावी; त्याहून फार वाढली, तर भिंतीला बुरशी धरते आणि गादीत धुळीतले सूक्ष्म कीटक वाढतात. तेव्हा आधी हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारे उपकरण) आणून पंधरा दिवस रात्रीचे आकडे लिहीन आणि ते ३० च्या खाली राहिले, तरच वातीचे यंत्र घेईन.

प्रतिसाद, बीड :
आकडे जरूर लिहा, पण पंधरापैकी निम्म्या रात्री पंचा टाकून पाहा.