नऊ दिवसांच्या दौऱ्याने पोलंडमध्ये नेमकं काय बदललं?

मृण्मयी_पुणे:
पोप जॉन पॉल दुसरे यांच्या जून १९७९ च्या पोलंड दौऱ्याने कम्युनिस्ट राजवट हादरली, असं पुष्कळदा वाचलंय. ना फौज, ना सत्ता. नुसत्या प्रवचनांनी काय होतं?

सह्यकडा:
श्रेय जरा जास्तच दिलं जातं. देश कर्जात बुडाला होता. जुलै १९८० मध्ये मांसाचे भाव वाढले, म्हणून संप झाले.

वसईची_बाय:
सह्यकडा, भाव १९७० मध्येही वाढले होते. तेव्हा कामगार रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात माणसं मेली. १९८० मध्ये गदान्स्कच्या लेनिन गोदीतले कामगार बाहेर पडलेच नाहीत. आतच ठाण मांडून बसले, फाटकावर पोपचा फोटो, फुलं, आत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना. हा संयम कुठून आला? माझ्या मते त्या नऊ दिवसांतून. लाखो लोक जमले, दंगा झाला नाही, आणि आपण किती आहोत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सरकारी टीव्ही तर गर्दी दाखवायचंच टाळत होता!

मृण्मयी, दौऱ्याच्या आधीचं बघ. नोवा हुता हे क्राकुवजवळचं पोलादनगर, मुद्दाम चर्चविना वसवलेलं. १९६० मध्ये तिथला क्रूस हटवायला गेले तेव्हा लोक पोलिसांशी भिडले. कारोल वोयतिवा, म्हणजे पुढचे हे पोप, नाताळच्या मध्यरात्री तिथे उघड्यावर, कडाक्याच्या थंडीत मिस्सा करायचे. परवानगीसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, आणि १९७७ मध्ये तिथल्या नव्या चर्चचं अभिषेचन त्यांनीच केलं. तरुणपणी नाझी अमलात दगडखाणीत राबलेला माणूस. कामगारांशी कसं बोलावं हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

मृण्मयी_पुणे:
पण डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आलाच ना?

वसईची_बाय:
आला. सॉलिडॅरिटीवर, म्हणजे १९८० च्या त्या संपांतून उभ्या राहिलेल्या कामगार संघटनेवर, बंदीही आली. तरी १९८३ मध्ये ते पुन्हा गेले, लष्करी कायदा आणणाऱ्या सत्ताधारी जनरल यारुझेल्स्कींना भेटले आणि सॉलिडॅरिटीचे नेते वावेन्सांनाही. जून १९८९ च्या निवडणुकीत सॉलिडॅरिटी जिंकली.

सह्यकडा:
आणि या पोपच्या काळात चर्चमधल्या धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांचं काय?

वसईची_बाय:
ते मला फार लागतं, आणि मी कॅथलिक असून सांगते. मार्सियाल मासिएल या धर्मगुरूविरुद्ध तक्रारी येत राहिल्या, तरी त्याच्यावर या पोपची मर्जी होती. कारवाई झाली ती २००६ मध्ये, पुढच्या पोपच्या काळात.